साडू, सख्ख्या बहिणी आणि मतदारसंघ

आमच्या घरी मतदारसंघ घोंगडीवर मांडला जायचा. निवडणूक जवळ आली की दुपारची भाकरी खाऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर काळी घोंगडी अंथरायचे आणि आईला हाक मारायचे, "अगं, ज्वारी आण, तूर आण, करडी आण." आई तीन वाट्या आणून त्यांच्यापुढं आदळायची. मग अण्णा अख्खा तुळजापूर मतदारसंघ त्या घोंगडीवर पेरायचे. वरच्या अंगाला तुळजापूर, तिथली पुजाऱ्यांची घरं आणि बाजारपेठ. हमरस्त्याच्या कडेनं नळदुर्ग आणि अणदूर, धाबे, ट्रकवाले, किल्ल्याच्या पायथ्याचे मोहल्ले. मग बोरी नदीच्या काठची गावं, माळावरचे तांडे, आणि कर्नाटकाच्या अंगाला अशी गावं जिथं बायका मराठीत भांडायला सुरुवात करून कानडीत संपवतात. उमेदवार ठरलेले दोनच. ज्या गावात वकीलसाहेबांचा जोर तिथं ज्वारीचे दाणे, मालकांचा जोर तिथं तूर, आणि जे गाव शेवटच्या दिवसापर्यंत दोघांचाही चहा पितं तिथं करडी. आमचं गाव नळदुर्गाच्या उगवतीला, तालुक्याच्या अगदी शिवेवर. घोंगडीच्या कडेच्या दशा जिथं सुरू होतात तिथं अण्णा आमच्या गावाचे दाणे ठेवायचे, निम्मी ज्वारी, निम्मी तूर, आणि मोजून त्यात एक ज्वारीचा दाणा जास्त. तो दाणा म्हणजे आई, असं ते कौतुकानं सांगत. एकदा समोरच्या घरातली कोंबडी आली आणि नदीकाठची तीन गावं खाऊन गेली. अण्णा म्हणाले, "मालक पार्टीचीच कोंबडी ती, दुसरं काय करणार?"

समोरचं घर माझ्या मावशीचं. आई मोठी, शेवंतामावशी धाकटी, आणि दोघी एकाच गावात, एकाच बोळात, समोरासमोर दिलेल्या. मावशीचे यजमान भाऊकाका हे मालक पार्टीचे गावातले पुढारी आणि आमचे अण्णा वकील पार्टीचे. मालक म्हणजे निजामाच्या वेळचं वतनदार घराणं, बोलणं कमी आणि जमीन जास्त. वकीलसाहेब हैदराबादला शिकून आलेले, भाषणात दोन उर्दू शेर आणि चार मराठी शिव्या ठरलेल्या. एकदा हे निवडून यायचे, एकदा ते. पण गावात पार्टी म्हणजे नुसतं मत नव्हे. आमच्या गावात मालक पार्टीची पिठाची गिरणी वेगळी आणि वकील पार्टीची वेगळी. भजनी मंडळं दोन होती, न्हावी दोन होते. मालक पार्टीच्या न्हाव्याकडं दाढी करून आलेल्या माणसाला आमच्याकडं लोक आठ दिवस संशयानं बघत. त्यात गंमत अशी की अण्णा आणि भाऊकाका हे दोघं साडू बाजाराच्या दिवशी नळदुर्गात एकाच बाकड्यावर बसून एकाच बशीतली भजी खायचे. पुरुषांचं वैर गावाच्या वेशीच्या आतलं होतं. पार्टीला खऱ्या अर्थानं धरून असायच्या त्या बायका.

आता सगळं सांगायचं तर गुलालाची गोष्ट सांगायला हवी. माझ्या लहानपणी एक रीत होती. निवडून आलेल्या पार्टीची मिरवणूक हरलेल्या पुढाऱ्याच्या दारापुढून जाताना हलगी थांबवायची, आवाज बंद करायचा, गुलाल मुठीतच ठेवायचा आणि पुढं गेल्यावर पुन्हा वाजवायचं. शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत. एका निवडणुकीत वकीलसाहेब निवडून आले. मिरवणूक आमच्या बोळात शिरली, मावशीच्या दारापुढं हलगी थांबली, सगळे चिडीचूप झाले. मावशीच्या अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र. आई आमच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या मुठीत गुलाल होता. ती मूठ कशी उघडली हे ती आजवर नीट सांगू शकलेली नाही. वारा होता म्हणते. वारा होता हे खरंच, पण मूठ वाऱ्यानं उघडत नाही. सगळा गुलाल जाऊन कुरडयांवर बसला आणि आई हसली. मावशीनं खाट उचलली, आत नेली, दार लावलं.

तेव्हापासून दोघींचा अबोला. पुढची निवडणूक येईपर्यंत पाच-सहा वर्षं उलटली, तरी बोळ ओलांडून साधं विरजण गेलं नाही की आलं नाही. पूर्वी आमच्या घरात येसर, म्हणजे आमटीचा भाजलेला मसाला, कमी पडला की आई दारातूनच "शेवंते" म्हणून ओरडायची आणि मावशी वाटी घेऊन यायची. आता तिच्या येसराच्या आमटीचा वास आमच्या ओसरीवर यायचा तेव्हा आई नाक मुरडून म्हणायची, "धनं करपवलं वाटतं," आणि तरी ओसरीवरनं हलायची नाही. मी मात्र दोन्हीकडं जायची. मला न्हाऊ घालायला, वेण्या घालायला मावशीच होती, कारण आई शेतात. मावशीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं तिची सगळी माया माझ्यावर सांडलेली. तिच्या घरून निघताना ती मला विचारायची, "तुझ्या आईचा गुडघा कसा हाय?" आणि लगेच म्हणायची, "म्या इचारलं म्हणून सांगू नगंस."

त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. सुगी आटोपली की लग्न. नेमकी त्याच्या आधी निवडणूक. मी नळदुर्गाच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आले होते, त्यामुळं माझं तोंड थोडं चालायला लागलं होतं. मी आईला स्पष्ट सांगितलं की मावशी नसेल तर मी हळदीला बसणार नाही. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "तिला कोण नगं म्हणतंय? तिनं यावं की." मी मावशीकडं गेले. ती म्हणाली, "आक्कानं बोलवावं की." मग मी घाबरले. कारण पुन्हा मालक आणि वकीलसाहेब उभे राहणार, पुन्हा कुणीतरी हरणार, पुन्हा मिरवणूक निघणार. एक अबोला मिटायच्या आधी दुसरा वर चढला असता तर माझ्या मांडवात मावशी नसती. राज्यात कुणाचं सरकार येतं याच्याशी मला काहीही घेणं नव्हतं. मला मावशी हवी होती.

प्रचार जोरात सुरू झाला. दोन्ही पार्ट्यांच्या हलग्या, भोंगे, भिंतींवर चुन्यानं रंगवलेल्या घोषणा. पण एक गोष्ट सगळ्यांना जरा वेगळी वाटत होती. मालक गावात आले नाहीत. वकीलसाहेबही आले नाहीत. त्यांची जीपसुद्धा शिवेवरून परत जायची. यावर अण्णांचं उत्तर तयार होतं. ते पारावर बसून सांगायचे, "साहेबांस्नी ठावं हाय, हे गाव पक्कं हाय. पक्क्या गावात कशाला डिझेल जाळतील?" पाराच्या दुसऱ्या बाजूला भाऊकाका अगदी हेच मालकांबद्दल सांगायचे. गावाला दोन्ही बाजूंनी आपला फार अभिमान वाटला. शाळेतले कांबळे मास्तर तेवढे मान हलवायचे. बौद्धवाड्यातले कांबळे मास्तर म्हणजे गावात रोजचं वर्तमानपत्र घेणारा एकमेव माणूस. ते दोनदा अण्णांना म्हणाले, "पाटील, हद्दी बदलल्यात म्हणं. जरा तहसिलात चौकशी करा." अण्णा म्हणाले, "मास्तर, हद्दी शेताच्या बदलत्यात. मतदारसंघाला काय बांध असतो व्हय?"

मतदानाला चार दिवस राहिले तेव्हा मतदारयादी आली. यादीवरून घरोघरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं असायचं. नाव, अनुक्रमांक, खोली नंबर. माझं अक्षर बरं म्हणून. मी ओसरीवर बसले, यादी उघडली आणि पहिल्याच पानावर थांबले. वर लिहिलं होतं, उमरगा विधानसभा मतदारसंघ. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. "छापणाऱ्याची चूक," ते म्हणाले. तेवढ्यात बोळातून भाऊकाका आले. गेल्या पाच-सहा वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या ओसरीवर चढले. त्यांच्याही हातात यादी होती. "पाव्हणं," ते अण्णांना म्हणाले, "तुमच्या यादीत बी उमरगाच हाय का वो?"

दोघं साडू पुढं, मी मागं, आणि आमच्या मागं अर्धं गाव, असे आम्ही चावडीवर गेलो. कांबळे मास्तर आधीच तिथं उभे होते. चावडीच्या भिंतीवर मालकांच्या प्रचाराचा कागद होता. मास्तरांनी तो हळूच सोलला. खाली वकीलसाहेबांचा कागद निघाला. तो सोलला. त्याच्या खाली सरकारी नोटीस. मतदारसंघांची नवी रचना, आणि त्यात आमच्या गावाचं नाव उमरग्याच्या यादीत. दोन्ही पार्ट्यांनी चढाओढीनं चिकटवलेल्या खळीखाली ती कित्येक दिवस मुकाट बसली होती. आमच्या गावानं पंधरा दिवस घसा फोडून, हलग्या फाडून, ज्या दोन माणसांचा प्रचार केला होता त्यांची नावं आमच्या मतपत्रिकेवर येणारच नव्हती. आणि उमरग्याकडचे उमेदवार आले नाहीत, कारण हे गाव आता आपलं झालंय हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हातारा हलगीवाला म्हणाला, "मंग आता म्या कुणाची वाजवू?" आणि सगळं गाव खो-खो हसायला लागलं. अण्णा हसले नाहीत. ते घरी आले आणि घोंगडी गुंडाळून माळ्यावर टाकली. जन्मभर गोळा केलेलं शहाणपण त्या घोंगडीत होतं. कुठल्या गावात कुणाचा पाहुणा, कुणाची विहीर कुणी पाडून दिली, कुठला तांडा कुणाच्या शब्दावर चालतो, सगळं. उमरग्याकडची चार गावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि भाऊकाका पहिल्या एसटीनं उमरग्याला गेले, नवा मतदारसंघ बघायला. मला वाटलं, संपली पार्टी. दोघं एका गाडीनं गेलेत, एका गाडीनं येतील, मावशी येईल, माझी हळद लागेल. संध्याकाळी दोघं आले ते हातात कागदांचे दोन वेगवेगळे गठ्ठे घेऊन. अण्णांच्या गठ्ठ्यावर शिलाई मशीनचं चिन्ह होतं आणि भाऊकाकांच्या गठ्ठ्यावर छत्रीचं. आईनं विचारलं, "हे काय?" अण्णा पाणी पिऊन म्हणाले, "एसटीतच ठरलं. भाऊ म्हणला, म्या छत्री घेतो. मंग म्या मशीन घेतली." आईनं विचारलं, "त्यो मशीनवाला माणूस कसा हाय?" अण्णा म्हणाले, "बगितला न्हाय अजून. पण भाऊ छत्रीत गेला म्हणल्यावर आपल्याला मशीन आलीच की." मी आईचं तोंड बघत होते. तिनं अण्णांच्या हातातला तांब्या घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "अवो, ज्याचं तोंड बगितलं न्हाय त्याच्यासाठी म्या माझ्या भनीशी सहा वर्सं आणखी बोलू नगं का?" अण्णा परसात बैलांकडं निघून गेले.

मतदानाच्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणं दोन हलग्या लागल्या. मशीनच्या बायका एका बाजूनं जाणार, छत्रीच्या दुसऱ्या बाजूनं. आईनं इरकल नेसलं, कुंकू लावलं आणि उंबऱ्यात थांबली. समोर मावशी तिच्या उंबऱ्यात. मी मध्ये अंगणात, हातात चिठ्ठ्या घेऊन. मला मत नव्हतं, तेव्हा एकवीस पुरी लागायची. आई बोळात उतरली. मला वाटलं, शाळेकडं वळेल. ती सरळ चालत मावशीच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"शेवंते, तुझ्याकडं कोणतं हाय?"

"छत्री," मावशी म्हणाली. सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द. "तुझ्याकडं?"

"शिलाई मशीन." मग आई म्हणाली, "तुझ्या कुरडया म्या खराब केल्या गं."

"कुरडयाचं काय न्हाय, आक्का. पुन्यांदा घालता येत्यात." मावशी पायरीवर उतरली. "तू हासलीस. त्येचं लागलं मला. बारक्यापनापासनं तू माझ्यावर कधी हासली नव्हतीस."

आई तिच्या पायरीवर खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मावशी तिच्या शेजारी बसून रडली. दोन्ही हलग्या थांबल्या. बायका थबकल्या. मीही रडत होते, पण मला कुणी विचारलं नाही. थोड्या वेळानं मावशीनं नाक पुसलं, आईच्या कानाशी लागली. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "आक्का, असं करू. तू छत्रीला शिक्का मार. म्या मशीनीला मारते. तुझं मत माझ्या मताला कापंल. मंग कुणी बी निवडून येऊ दे, कुणी बी पडू दे, आपल्या दोघींच्यानं काय झालं न्हाय."

आईनं विचार केला. "घरी सांगायचं न्हाय," ती म्हणाली. आणि दोघी हातात हात घालून शाळेकडं निघाल्या. मागं दोन पार्ट्यांच्या बायका, पुढं दोन हलगीवाले, आणि कुणी काय वाजवायचं हे कुणालाच कळेना, म्हणून त्यांनी लग्नाचं वाजवलं.

मला हळद मावशीनं लावली. मी सासरी गेले, नोकरी केली, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. आणि दर निवडणुकीत, मग ती विधानसभेची असो, पंचायतीची असो की सोसायटीची, आदल्या दिवशी मावशी बोळ ओलांडून यायची आणि विचारायची, "आक्का, यंदा तुला कोणता?" दोघी वाटून घ्यायच्या. चिन्हं बदलली, शिक्क्यांची बटणं झाली, मधे हद्दी पुन्हा बदलल्या, आता आमचं गाव प्रचाराला लागायच्या आधी मतदारसंघ कोणता ते दोनदा विचारून घेतं. या दोघींचा करार मोडला नाही. अण्णांनी वर्ष-दीड वर्षात घोंगडी पुन्हा माळ्यावरून काढली होती, नवी गावं शिकून घेतली होती, आणि शेवटपर्यंत ते आईच्या नावाचा ज्वारीचा दाणा आमच्या गावात आत्मविश्वासानं ठेवत राहिले. मी एकदाही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बिचाऱ्यांचा मतदारसंघच हलला असता.

निवृत्त झाल्यावर मी गावी आले, आईजवळ. अण्णा गेले, भाऊकाका गेले, आणि गेल्या दिवाळीनंतर शेवंतामावशीही गेली. मग निवडणूक लागली. आता पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांचं मत घ्यायला सरकार घरी येतं. एका सकाळी चार माणसं आमच्या अंगणात आली, पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, आईपुढं मतपत्रिका ठेवली, पेन दिलं. व्हिडिओ काढणारा मुलगा उभा होता. मी लांब उंबऱ्यात. आई पेन हातात धरून बसली ती बसलीच. त्यांच्यातले साहेब म्हणाले, "आजी, घाई नाही. पण करायचं आहे ना?"

आई समोरच्या बंद दाराकडं बघत होती. "माजं मत कापाय कुणी राहिलं न्हाय," ती म्हणाली. "नुसतंच पडंल की त्ये."

साहेबांना काही कळलं नाही. ते माझ्याकडं बघायला लागले. मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "आई, मी आहे की. माझं नाव आता याच यादीत आहे. तू कुणालाही दे, मी दुसऱ्याला देईन. तुझं मी कापते."

आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझं पोर किती खुळं आहे असं बघतात तसं.

"तुझा-माझा कधी अबोला झालाय व्हय?" ती म्हणाली. "मंग कापायचं कशापायी?"

मग तिनं मतपत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. चौथी शिकलेली माझी आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

"चष्मा आन माजा," ती म्हणाली. "वाचून तरी बगू दे, कोन कोन हायती."